‘नट पाऊण इंची’ला कोड कोणता? बारा हजार वर्गांतून एक निवडण्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहरात पाच जणांची एक छोटी कंपनी दुकानदारांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवते. कंपनीचं नाव छापायचं नाही आणि अचूकतेचे टक्केही छापायचे नाहीत, या दोन अटींवर त्यांनी हे प्रकरण लिहायला परवानगी दिली. मी या कामात बाहेरून सल्ला देत होतो, त्यामुळे खाली जे चुकलेले निर्णय आहेत त्यांतले काही माझे आहेत.

त्यांची गिऱ्हाइकं म्हणजे हार्डवेअर, प्लंबिंग, किराणा, शेतीची अवजारं विकणारी दुकानं आणि थोडे घाऊक व्यापारी. बहुतेकांकडे चार जीबी रॅमचा जुना संगणक. इंटरनेट येऊनजाऊन. दुकानदार माल भरताना वर्णन लिहितो ते असं: ‘नट पाऊण इंची’, ‘बिजागरी ४ भारी’, ‘दोरी जाड’, ‘मिरची’. अर्धी नावं देवनागरीत, अर्धी रोमन लिपीत, आणि ‘स्क्रू’ लिहायच्या किमान पाच पद्धती.

या प्रत्येक ओळीला एचएसएन कोड लागतो, म्हणजे जीएसटीसाठी वस्तूच्या वर्गाचा क्रमांक. पहिले दोन आकडे म्हणजे प्रकरण, चार म्हणजे शीर्षक, सहा म्हणजे उपशीर्षक. इथपर्यंतची रचना जागतिक सीमाशुल्क संघटनेची, साऱ्या जगाला सारखी. पुढचे दोन आकडे भारताचे. चार आकड्यांवर बाराशेच्या वर शीर्षकं, सहा आकड्यांवर पाच हजारांहून जास्त, आणि आठ आकड्यांवर गेलात की संख्या बारा हजारांच्या घरात जाते. १ एप्रिल २०२१ पासून पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांनी आपसातल्या व्यापाराच्या बिलांवर चार आकडी आणि त्यावरच्यांनी सहा आकडी कोड द्यायचा, असा नियम आहे. मे २०२५ च्या विवरणपत्रापासून जीएसटीआर-१ च्या, म्हणजे विक्रीच्या विवरणपत्राच्या, तक्ता १२ मध्ये कोड मनाने टाइप करता येत नाही. यादीतूनच निवडावा लागतो. तोवर दुकानदार सुचेल तो आकडा ठोकून मोकळा व्हायचा. यादी समोर आली आणि कंपनीचा फोन खणखणू लागला.

अडचण

मागणी साधी वाटत होती. वर्णन टाइप केलं की सॉफ्टवेअरने कोड सुचवावा, दुकानातल्याच संगणकावर, नेट नसतानाही, आणि बिल करताना कुणाला थांबावं लागू नये.

पहिली चाचणी कंपनीतल्या मुलांनी पाठ्यपुस्तकाप्रमाणे केली होती: प्रत्येक कोडसाठी एक स्वतंत्र रेषीय वर्गीकारक, ‘हा की बाकी सगळे’ असं विचारणारा. शब्दांचं स्पेलिंग बेभरवशाचं म्हणून शब्दांबरोबर अक्षरांचे तुकडेही फीचर म्हणून, म्हणजे मॉडेलने बघायच्या खुणा म्हणून, घेतलेले, एकूण सुमारे दोन लाख. आता गुणाकार करा. बारा हजार कोड गुणिले दोन लाख फीचर म्हणजे २४० कोटी वेट, कोणत्या कोडसाठी कोणत्या खुणेला किती वजन द्यायचं ते सांगणारे आकडे. प्रत्येकाला चार बाइट धरले तर ९.६ जीबी. चार जीबीच्या यंत्रावर हे उघडणारच नाही.

पण आकारापेक्षा मोठी अडचण डेटात होती. शिकवायला हाताशी होती ती दुकानदारांनी स्वतः कोड घातलेली जुनी बिलं. त्यात एका दुकानाने झाडूपासून रंगाच्या डब्यापर्यंत सगळ्याला ७३१८ लावलेलं, कारण दुकानात मुख्य माल नटबोल्टचा. बहुतेकांनी चारच आकडे दिलेले, कारण नियम तेवढंच मागतो. काही कोडांची हजारो उदाहरणं होती आणि अर्ध्याहून जास्त कोडांचं एकही नव्हतं. साहजिकच आहे, पश्चिम महाराष्ट्रातल्या हार्डवेअरच्या दुकानात अणुभट्टीचे सुटे भाग कोण विकतं? तरी यादीत तो कोड आहे, आणि मॉडेलला तो नाकारताही आला पाहिजे.

एक गंमत सांगतो. डेटा स्वच्छ करणाऱ्या प्रोग्रॅमने ‘चूक’, ‘रद्द’, ‘परत’ असे शब्द असलेल्या ओळी काढून टाकल्या होत्या; चुकीच्या नोंदी गाळाव्यात हा हेतू. त्यात सुतारांच्या ‘चुका अर्धा इंची’ साफ झाल्या. बारीक खिळ्यांना चुका म्हणतात हे त्या मुलांना ठाऊक नव्हतं. हे लक्षात आलं ते दोन महिन्यांनी, ७३१७ या खिळ्यांच्या शीर्षकात उदाहरणं इतकी कमी का, याचा शोध घेताना.

पहिला निर्णय: कोड ओळखायचा की दर?

कंपनीच्या मालकांचा प्रश्न रास्त होता. ‘दुकानदाराला कराचा दर हवा असतो. दर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मग बारा हजारांच्या भानगडीत पडायचंच कशाला? थेट दरच ओळखू.’

या बाजूने बोलण्यासारखं बरंच होतं. नट लोखंडी असो की पितळी, दर १८ टक्केच. उलट बाजूला ‘मिरची’ होती. ओली असेल तर ०७०९, कर शून्य. वाळलेली असेल तर ०९०४, पाच टक्के. म्हणजे दर ओळखण्यासाठीही शेवटी वस्तू ओळखावीच लागते. शिवाय विवरणपत्र कोड मागतं, नुसता दर नाही. आम्ही ठरवलं की मॉडेलने कोड सांगायचा आणि दर एका वेगळ्या तक्त्यातून यायचा.

हा निर्णय योग्य होता हे आमच्या हुशारीने नव्हे तर योगायोगाने सिद्ध झालं. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक वस्तूंसाठी गेले. आम्हाला तक्ता बदलावा लागला, मॉडेलला हातही लावावा लागला नाही. दर शिकवला असता तर सगळी जुनी बिलं एका रात्रीत खोटी साक्ष देऊ लागली असती.

समोरचे पर्याय

सर्वांत सोपा पर्याय शोधयंत्राचा: टाइप केलेल्या वर्णनाशी मिळतंजुळतं जुनं वर्णन शोधायचं आणि त्याचा कोड उचलायचा. हलका, समजायला सोपा. पण जुन्या नोंदीतला कचरा तसाच्या तसा पुढे येतो, त्या ७३१८ वाल्या दुकानाचा झाडूही.

दुसरा, ‘हा की बाकी सगळे’ हेच ठेवायचं आणि बारीकसारीक वेट शून्य करून टाकायचे. २०१७ साली बब्बर आणि श्योल्कॉफ यांनी डिसमेक या पद्धतीत नेमकं हेच केलं: ०.०१ पेक्षा लहान वेट सरळ फेकून द्यायचे. आमच्या हिशेबात प्रत्येक कोडमागे सरासरी पाचशे वेट उरले तर एकूण साठ लाख. वेट आणि त्याचा क्रमांक मिळून आठ बाइट धरले तरी ४८ एमबी. ९.६ जीबीवरून ४८ एमबी. मला हा आकडा पाहून काम संपल्यासारखं वाटलं होतं. पण आकार आटोक्यात आला तरी प्रत्येक वर्णनामागे बारा हजार वर्गीकारकांना विचारायचं राहिलंच, आणि शिकवतानाही प्रत्येक कोडला बाकी सगळ्या डेटाशी झुंजवायचं राहिलं.

तिसरा पर्याय, बाहेरच्या एखाद्या मोठ्या भाषा-मॉडेलला विचारायचं. नेट लागतं म्हणून तो तिथेच बाद व्हायला हवा होता, तरी हौसेने करून पाहिलं. उत्तरं वाचायला सुंदर, आणि अधूनमधून आठ आकडी असा कोड की जो यादीतच नाही. हिशेबनिसाच्या दृष्टीने हे चुकीच्या कोडापेक्षा वाईट, कारण तो भरवशाच्या सुरात सांगितलेला असतो.

चौथा पर्याय झाडाचा. बारा हजार पानांना एकेक विचारण्यापेक्षा फांद्या निवडत खाली उतरायचं. आणि इथे तर झाड आयतंच होतं: प्रकरण, शीर्षक, उपशीर्षक, कोड. सगळ्यांचं एकमत झालं, माझंही. या प्रकरणातली सर्वांत महागडी चूक ती हीच.

आयतं झाड का चाललं नाही

आम्ही आधी ९७-९८ प्रकरणांतून एक निवडणारं मॉडेल केलं, मग त्या प्रकरणातलं शीर्षक, असं चार पायऱ्यांचं. पहिला धोका ओळखीचा होता. प्रत्येक पायरी शंभरात पंचाण्णव वेळा बरोबर आली तरी चार पायऱ्या उतरेपर्यंत ०.९५ चा चौथा घात होतो, म्हणजे शंभरात ८१. वर चुकलात की खाली सुधारायला वाव नाही. त्यावर उपायही ओळखीचा होता: प्रत्येक पायरीवर एकच फांदी न धरता वरच्या दहा धरून ठेवायच्या, ज्याला बीम सर्च म्हणतात. तो केला. सुधारणा झाली, पण अपेक्षेइतकी नाही.

तेव्हा चुका हाताने वाचायला बसलो. मदतीला एक काका होते, हार्डवेअरच्या दुकानात पस्तीस वर्षं काढलेले. ‘नट पाऊण इंची’ या ओळीवर ते हसले. म्हणाले, ‘अहो, यात लोखंड कुठे लिहिलंय? आणि लिहील कशाला कोणी? नट म्हणजे लोखंडाचाच. पितळी असेल तरच पितळी लिहितात.’

इथे गाठ सुटली. सीमाशुल्काच्या वर्गवारीत अशा वस्तूंची जागा मुख्यतः त्या कशाच्या बनल्या आहेत यावर ठरते. लोखंडी नट ७३१८ मध्ये, पितळी नट तांब्याच्या प्रकरणात ७४१५ मध्ये, प्लास्टिकचा ३९२६ मध्ये. म्हणजे हे झाड पहिल्याच पायरीवर विचारतं, ‘कशाचा?’ आणि दुकानदाराच्या चार शब्दांत नेमकं तेच लिहिलेलं नसतं. जे लिहिलेलं असतं, म्हणजे नट की वॉशर, ते विचारलं जातं सगळ्यात शेवटी. सगळ्यात अवघड प्रश्न सगळ्यात आधी, हाती माहिती नसताना.

यात झाडाचा दोष नाही. कायद्याचे अर्थ लावण्याचे सामान्य नियमच सांगतात की आधी शीर्षक ठरवा, मग त्याच्या आत उपशीर्षक. ज्याच्या हातात वस्तू आहे त्या अधिकाऱ्यासाठी हा क्रम उत्तम. आमच्या हातात वस्तू नव्हती, तिचं घाईत लिहिलेलं नाव होतं.

काय केलं

वर्णनांवरूनच नवं झाड बांधायचं ठरलं. ही कल्पना आमची नाही. बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये मनीक वर्मा आणि त्यांचे सहकारी बरीच वर्षं या विषयावर काम करत आले आहेत. २०१४ ची फास्टएक्सएमएल आणि २०१८ ची पॅराबेल या पद्धती तिथल्याच. संशोधनात ज्यावर चाचणी घेतात त्या ॲमेझॉन-६७० के या संचात ६,७०,०९१ लेबलं, म्हणजे वर्ग, आहेत, त्यापुढे आमचे बारा हजार म्हणजे किस झाड की पत्ती. पण तत्त्व तेच उपयोगी पडलं. प्रत्येक कोडची सगळी वर्णनं घेऊन त्यांची सरासरी काढायची, ती त्या कोडची ओळख. मग साऱ्या कोडांचे दोन समान गट पाडायचे, मिळतेजुळते एकत्र येतील असे. प्रत्येक गटाचे पुन्हा दोन. असं एका गटात शंभराच्या आत कोड उरेपर्यंत.

बारा हजारांना सात वेळा निम्मं केलं की १२८ गट होतात, प्रत्येकात सुमारे ९४ कोड. वर्णन आलं की वरून खाली उतरताना दहा फांद्या धरायच्या: सात पातळ्यांवर मिळून जास्तीत जास्त ९० तुलना, मग दहा गटांतले ९४० कोड. एकूण १,०३०. बारा हजारांच्या जागी एवढंच. शिकवतानाही तोच फायदा, कारण एखाद्या कोडच्या वर्गीकारकाला आता सगळ्या जगाशी नव्हे, फक्त आपल्या गटातल्या शेजाऱ्यांशी फरक शिकायचा असतो. वेट छाटण्याची डिसमेकची युक्ती त्यावर तशीच वापरली.

नव्या झाडात लोखंडी, पितळी आणि प्लास्टिकचे नट एकाच गटात येऊन बसले. धातूचा प्रश्न तळाशी गेला. तिथे मॉडेलला उत्तर माहीत नसेल तर निदान कुठल्या तीन कोडांत गोंधळ आहे हे माहीत होतं, आणि मग तो प्रश्न दुकानदारालाच विचारता आला: ‘लोखंड, पितळ की प्लास्टिक?’ एक बटण दाबायचं. वरच्या कोडांचे गुण जवळजवळ असतील आणि ते वेगवेगळ्या प्रकरणांतले असतील तरच हा प्रश्न दिसतो. आयतं झाड आम्ही फेकलं नाही. गोंधळ नेमका कशावरून आहे हे सांगायला तेच उपयोगी पडतं.

ज्या कोडांची उदाहरणंच नव्हती त्यांच्यासाठी सरकारी यादीतलं वर्णन हेच एक उदाहरण म्हणून घातलं. तिथे दुसरी ठेच. आठ आकड्यांवरच्या कितीतरी ओळींचं वर्णन फक्त ‘अन्य’ एवढंच असतं. त्यामुळे प्रत्येक ‘अन्य’ला त्याच्या वरच्या उपशीर्षकाचं आणि शीर्षकाचं वर्णन जोडावं लागलं. देवनागरी आणि रोमन यांचा मेळ बसावा म्हणून सगळं एका लिपीत उतरवलं. तरी बिजागरी, कोयंडा, सुंभ हे शब्द इंग्रजी यादीत कुठून असणार? ते काकांनी वहीत लिहून दिले, कोडनिहाय. सगळ्या प्रकल्पात प्रत्येक तासामागे सर्वांत जास्त फायदा कशाने झाला असेल तर त्या वहीने.

मोजमाप कसं बदललं

यावर सर्वांत जास्त वाद झाला. सुरुवातीला ओळी यदृच्छेने वाटून काही शिकवायला, काही तपासायला ठेवल्या होत्या, आणि निकाल फार छान येत होते. कारण एकाच दुकानाची ‘नट पाऊण इंची’ ही ओळ दोन्हीकडे होती. प्रश्नपत्रिका आधीच फुटलेली. मग वाटणी दुकानांनुसार केली: ज्या दुकानावर तपासायचं त्याची एकही ओळ शिकवताना दाखवायची नाही. आकडा धाडकन खाली आला आणि मालक दोन दिवस नाराज होते.

दुसरा बदल म्हणजे सरसकट टक्केवारीबरोबर प्रत्येक कोडला एक मत देऊन सरासरीही काढायची. नाहीतर ७३१८ चांगलं ओळखणारं मॉडेल सगळीकडे हुशार दिसतं आणि झाडू, सुंभ, टिकाव यांचं काय झालं ते झाकलं जातं.

निकाल

जुन्या संगणकावर सुचवणी टाइप करताकरताच येते, फाइल शंभर एमबीच्या आत आहे, नेट लागत नाही. दुकानांनुसार केलेल्या तपासणीत नव्या झाडाने आयत्या झाडाला स्पष्ट मागे टाकलं, विशेषतः दोनतीन शब्दांच्या वर्णनांवर. लांब, नीट लिहिलेल्या वर्णनांवर दोघांत फारसा फरक नव्हता, जे अपेक्षितच होतं. क्वचित वापरल्या जाणाऱ्या कोडांवर दोन्ही कमजोरच राहिले.

एक गोष्ट मात्र बिघडली, आणि ती मॉडेलच्या बाहेर. आम्ही पाच सुचवण्या दाखवत होतो. दुकानदार डोळे झाकून पहिली घ्यायचे. ती निवड ‘दुकानदाराने पसंत केलेलं बरोबर उत्तर’ म्हणून परत शिकवणीत जायची. सुंभाची दोरी नायलॉनच्या दोरीच्या उपशीर्षकात गेली ती अशीच: शीर्षक दोघींचं ५६०७, म्हणून चार आकड्यांवर कुणाला संशय आला नाही, सहा आकड्यांवर काथ्याची दोरी ५६०७ ९० आणि नायलॉनची ५६०७ ५०. पुढच्या वेळी मॉडेलला आणखी खात्री. काकांच्या वहीने सुंभ शब्द शिकवला, मॉडेल सुधारलं, तरी दुकानांच्या मालयादीत आधी गेलेले चुकीचे कोड तसेच राहिले. सुंभ जळाला, पीळ राहिला. तो काढायला प्रत्येक दुकानाला वेगळी सूचना पाठवावी लागली, आणि सगळ्यांनी ती उघडलेली नाही.

आता तीनच सुचवण्या दिसतात, खात्री कमी असेल तर एकही नाही. नुसती पहिली उचललेली ओळ शिकवणीत जात नाही. दुकानदाराने दुसरी किंवा तिसरी निवडली, प्रश्नाला उत्तर दिलं किंवा स्वतः कोड शोधला, तरच जाते.

पुन्हा करायचं झालं तर

आठ आकड्यांपासून सुरुवात करणार नाही. आम्ही ते केलं कारण काही घाऊक व्यापारी निर्यात करतात आणि त्यांना आठ आकडे लागतात. पण बहुतांश दुकानांना चारच लागतात, आणि चार आकड्यांवर वर्ग बाराशेच्या वर, बारा हजार नव्हेत. आधी तेवढंच देऊन, पुढचे आकडे लागतील त्यालाच विचारले असते तर पहिले चार महिने वाचले असते. आकार आणि वेगाचा निम्मा प्रश्न तर उभाच राहिला नसता. ‘खूप वर्ग’ हा प्रश्न तांत्रिक म्हणून हाती घेण्याआधी ते सगळे वर्ग कुणाला हवेत हे मी विचारायला हवं होतं. मला मोठ्या संख्येचा मोह पडला.

काकांना पाचव्या महिन्यात नव्हे, पहिल्या आठवड्यात बोलवायचं. चुका हाताने वाचायला बसणं हेही आम्ही फार उशिरा केलं. आलेख बघत राहिलो.

शोधयंत्राचा पर्याय मी फार लवकर झटकला असं आता वाटतं. स्वच्छ केलेल्या, काकांच्या वहीने वाढवलेल्या नोंदींवर तो किती पुढे गेला असता हे तपासायला हवं होतं. कदाचित बराच.

एक काम अजून शिल्लक आहे. जागतिक यादी काही वर्षांनी सुधारली जाते. २०२२ नंतरची पुढची आवृत्ती १ जानेवारी २०२८ ला लागू व्हायची आहे. काही कोड फुटतील, काही एक होतील. सध्या प्रत्येक जुन्या बिलाच्या ओळीवर कोड आहे, पण तो कुठल्या आवृत्तीतला आहे हे लिहिलेलं नाही. तो रकाना भरायचं काम एका मुलाकडे दिलं आहे. काकांची वही स्कॅन झाली आहे, पण ‘प’च्या पुढची पानं टाइप व्हायची आहेत.